पडकई (तळेघर परिसर)
पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यात डोंगरउतारावर भातखाचरे तयार करण्याची सामूहिक पद्धत. तळेघर हे या भागातील बाजाराचे गाव; मंचर–घोडेगाव–भीमाशंकर रस्ता येथूनच जातो. शेजारीपाजारी, बहुतेक महादेव कोळी कुटुंबे, आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबत, दगडांचे बांध रचत. काम हातांचे, म्हणून संथ. उताराला ते झेपत असे. डिंभे धरणात घोड नदीकाठची सुपीक जमीन बुडाली आणि वरच्या उतारांवर शेतीचा भार वाढला. पुढे पडकई ही शासकीय योजना झाली. मग रस्ते पोचले तिथे सपाटीकरणाची यंत्रेही पोचली. माती सैल झाली, झाडे गेली, ओढ्यांच्या वाटा अडल्या.

30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून 151 जण मृत्युमुखी पडले. तात्कालिक कारण अतिवृष्टीचे. तथापि यंत्राने केलेले सपाटीकरण व वृक्षतोड यांकडेही अभ्यासकांनी बोट दाखवले. दोष पडकईला देणे मात्र अन्यायाचे आहे. नाव तेच राहिले, पद्धत बदलली. भीमाशंकर अभयारण्य (1985) याच डोंगररांगेत असून, येथील हिरड्याची झाडे उतार धरून ठेवतात आणि घरखर्चालाही हातभार लावतात.