देवळांतील सोल्फेज आणि जॅझचा स्वरमेळ

जुबिलीच्या आनंदप्रसंगीं आपल्या पूर्वजांनीं देऊळ कसें उभारलें याचें स्मरण सर्वांस होतें; परंतु त्या देवळाच्या माडीवर उभें राहून जीं मुलें गायलीं, त्यांनीं तेथें मिळविलेली विद्या कोठवर नेली, याचें स्मरण फार थोड्यांस असतें. म्हणून त्या विद्येच्या एका शाखेची हकीकत वाचकबंधूंपुढें ठेवीत आहों.

पेशव्यांच्या सैन्यांत गोव्याकडील कॅथोलिक शिपाई होते. त्यांच्या उपासनेसाठीं सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, इ. स. १७९२ त, पुण्यांत जागा मिळाली आणि नाना पेठेंतील सिटी चर्चचा पाया घातला गेला. ज्या गोव्यांतून हे लोक आले, तेथें देवळाशेजारीं शाळा असे आणि तींत मेस्त, म्हणजे संगीताचा गुरु, मुलांस सोल्फेज शिकवी. दो, रे, मी, फा, सोल, ला, सी हे स्वर कागदावर ओळखणें, हातानें ताल मोजीत ते म्हणणें, आणि हें साधल्यावरच व्हायोलिनला हात लावणें, असा तो क्रम होता. शिस्त कडक, परंतु तिच्यामुळें गरिबाच्या मुलासही स्वरलिपि वृत्तपत्राप्रमाणें वाचतां येऊं लागली.

हीच विद्या घेऊन कित्येक तरुण पोटासाठीं मुंबईस आले. तेथें १९३५ सालीं लिऑन ॲबी हा अमेरिकन निग्रो वादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलांत आला. पुढील वर्षीं क्रिकेट स्मिथ आला. टेडी वेदरफर्ड हा पियानोवादकही याच काळांत येथें गाजला. आमच्या वादकांनीं पाहिलें कीं, हे लोक कागदावर आहे तेवढेंच वाजवीत नाहींत. जें लिहिलेलें नाहीं तेंही वाजवितात, आणि तरीही कोणाचा स्वर कोणास बाधत नाहीं. हें कसें घडतें? याचें उत्तर स्वरमेळाच्या शास्त्रांत आहे.

तें मूळ तत्त्व असें. सप्तकांतील एक स्वर सोडून पुढचा घेत गेलें कीं स्वरांचा एक पुंज बनतो. दो, मी, सोल हा तीन स्वरांचा पुंज आपल्या भजनांत नित्य ऐकूं येतो. त्यावर आणखी एक पायरी चढून सी घेतला म्हणजे चार स्वरांचा पुंज होतो. जॅझचा स्वरमेळ बहुधा येथून सुरू होतो. आतां तीन पुंज एकापाठोपाठ घ्या: रे-फा-ला-दो, मग सोल-सी-रे-फा, आणि शेवटीं दो-मी-सोल-सी. पहिल्यांतून दुसऱ्यांत जातांना दो केवळ अर्धा स्वर उतरून सी होतो, फा जागचा हालत नाहीं. दुसऱ्यांतून तिसऱ्यांत जातांना फा अर्धा स्वर उतरून मी होतो, सी स्थिर राहतो. ज्यास ही वाट कानानें कळली, त्यास जॅझमधील अर्धीअधिक गीतें कळूं लागतात.

आणखी एक चमत्कार पहा. मधल्या पुंजांतील सी व फा हे स्वर एकत्र वाजले कीं कान अस्वस्थ होतो व पुढील विसावा शोधूं लागतो. हेच दोन स्वर कोमल रे वर उभारलेल्या पुंजांतही सांपडतात. म्हणून सोलच्या जागीं कोमल रे घेतला तरी वाट मोडत नाहीं, उलट खर्जाचा स्वर अर्ध्या अर्ध्या पायरीनें दो वर उतरतो.

नाचघराचें संगीत म्हणून कित्येक वडीलधाऱ्यांनीं याचा तिटकारा केला, आणि रात्रीच्या त्या धंद्यांत तरुणांचें अहित होण्याचें भय अगदींच खोटें नव्हतें. परंतु शास्त्राचा दोष त्यांत नाहीं. चार आवाजांनीं गाणाऱ्या गायकवृंदांत प्रत्येकानें शक्य तों जवळच्या स्वरावर जावें, हा जो नियम देवळांत शिकविला जातो, तोच येथें चालतो. फरक इतकाच कीं, भजनांत जो स्वर क्षणभर थांबून विसाव्यास जातो, त्याच्यावर जॅझ रेंगाळतें.

या दुहेरी शिक्षणाचें फळ सर्व देशानें चाखलें. मिकी कोरिया यांनीं १९३९ पासून १९६० पर्यंत ताजमध्यें वाद्यवृंद चालविला. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, हे सी. रामचंद्रांच्या सहवासांत आले; पुणतांब्यास जन्मलेल्या व पुण्यांत विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयांत शिकलेल्या या मराठी संगीतकाराच्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटांत जॅझची छाया स्पष्ट आहे. सेबास्टियन डिसूझांनीं शंकर-जयकिशन यांच्या चालींस स्वरमेळाचा साज चढविला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत रागदारी व स्वरमेळ यांचा संगम करणारा वाद्यवृंद उभा केला. आपला राग एका षड्जाभोंवतीं फिरतो, तर स्वरमेळ पायाच बदलीत जातो. या दोहोंस एकत्र नांदविणें हें लहान काम नव्हे.

परंतु पडद्यावर बहुधा संगीतदिग्दर्शकाचेंच नांव झळके. रात्र जागून प्रत्येक वाद्याचा कागद लिहिणारा अनामिक राही. अँथनी गोन्साल्विस हें नांव घरोघरीं गेलें तें १९७७ सालच्या एका चित्रपटगीतामुळें, आणि तेंही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेनें. तें गाणें म्हणणाऱ्या बहुतेकांस या नांवाचा खराखुरा गुरु होता हें ठाऊकही नसे.

आज यंत्रांवर बोट ठेवतांच तयार पुंज वाजतो, म्हणून मुलास स्वर वाचावयास शिकविण्याचा कंटाळा वाढत आहे. मोठीं नांवें निघालीं तीं यंत्रांतून नव्हेत, तर मेस्तच्या त्या कंटाळवाण्या तासांतून. जुबिलीची खूण म्हणून भिंतीस रंग देणें चांगलेंच. पण माडीवर चार मुलें चार आवाजांत एक ओळ वाचून गाऊं लागलीं, तर ती खूण अधिक काळ टिकेल. पुढें तीं देवळांत गातील कीं जॅझ वाजवितील, तें त्यांचें त्यांनीं ठरवावें.