घुमटाचे अंदाजपत्रक

चतुर्थीच्या संध्याकाळी पेडणे महालातल्या कुठल्याही वाड्यावर आरतीला उभे राहा, घुमटाचा आवाज आधी ऐकू येतो. शामेळ आणि कांसाळे त्याला येऊन मिळतात. आमचा डिप्लोमा बांधकामाचा आणि नोकरी सरकारी, त्यामुळे अंदाजपत्रकाची खोड जडलेली. हे वाद्य करायला बसायचे तर सुरुवातीला गाठीशी किती लागेल, असा प्रश्न या वर्षी आम्हाला पडला. हिशेब मांडायला घेतला आणि इतिहासातच शिरावे लागले.

घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे मडके. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बांधलेले असते. लहान तोंड एका तळहाताने झाकत-उघडत नाद खालवर करतात आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कातड्यावर ताल धरतात. जुन्या काबिजादीत 1560 पासून 1812 पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, इन्क्विझिशनचा वचक होता. डिचोली पोर्तुगीजांकडे गेली 1781 मध्ये, पेडणे सावंतवाडीकरांशी झालेल्या 1788 च्या तहाने. इतक्या उशिरा गेल्यामुळे आपल्या या दोन महालांतली देवळे आणि देवळांतले वाजप टिकले. पण घुमट काही हिंदूंपुरते राहिले नाही. ख्रिस्ती घरांतल्या मांडोलाही व्हायोलिनच्या जोडीला घुमटच लागते.

आता खर्च. जुन्या काळी तो जवळजवळ शून्य दिसतो, आणि आमच्या मते खरी मेख इथेच आहे. चाक, भट्टी, मळलेली माती हे सगळे कुंभाराकडे आधीच असे, कारण गावाला भाताची मडकी, पाण्याच्या घागरी, पणत्या लागत. त्याच भट्टीत चार घुमटेही भाजून निघत. कातडे घोरपडीचे, ते रानातून येई, बिनपैशाचे. म्हणजे घुमटाचे भांडवल एका बाजूने स्वयंपाकघर पुरवीत होते आणि दुसऱ्या बाजूने रान. घुमटाच्या नावावर खर्च पडतच नव्हता.

हे दोन्ही आधार गेले. आधी ॲल्युमिनियम आणि स्टील आले, मागून फ्रिज आला, आणि मडक्यांचे गिऱ्हाईक संपत गेले. डिचोलीची मातीकाम करणारी घरे नावाजलेली, पण तिथेही चाक आता पणत्या, कुंड्या आणि शोभेच्या वस्तूंवर चालवावे लागते. त्यात तालुक्यातल्या खाणींचा गाळ कितीतरी शेतांत उतरला. दुसरीकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिले. ती पहिल्या अनुसूचीत आहे, मारल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते योग्यच झाले. मात्र त्यानंतर बरीच वर्षे आरतीची घुमटे चोरून मढवली जात, हे आपल्यापैकी कुणापासून लपलेले नाही. आता बकऱ्याचे कातडे वापरतात. ते जाड असते, तासून पातळ करावे लागते आणि विकत घ्यावे लागते. पावसाळी हवेत सैल पडते म्हणून आरतीआधी शेकावेही लागते. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, तो या बदललेल्या कातड्याच्या घुमटाला.

दक्षिणेत मानामदुराईचे घटम प्रसिद्ध आहे. तेही मातीचेच, पण त्याला कातडे नाही. भट्टीतून निघाले आणि सूर जमला की माल तयार. आपले घुमट भट्टीतून निघते तेव्हा अर्धेच झालेले असते.

अंदाजपत्रकात एक रकाना आम्ही आधी धरलाच नव्हता, तो वेळेचा. माती उन्हाळ्यात काढायची, सावलीत सुकवायची, पाऊस लागण्याआधी भाजायची. त्यात काही फुटणार, काहींना तडे जाणार. विक्री मात्र श्रावण-भाद्रपदात. म्हणजे लाकूड, माती आणि मजुरीत घातलेला पैसा तीन-चार महिने अडकून पडतो. नव्याने धंद्यात येणाऱ्या मुलाला चाक उसने मिळेल, पण हे चार महिने त्याला कोण उसने देणार?

हे आम्हाला कळले ते फजिती होऊन. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने श्रावणात जाऊन सहा घुमटे मागितली. कारागीर म्हणाला, "बाबांनो, शिगम्याला येऊन सांगितले असते तर भाजून ठेवली असती." तीन मिळाली. उरलेल्या तिघांनी त्या वर्षी टाळ्या वाजवल्या.

यंदा शिगम्यातच गेलो, निम्मे पैसे हातावर ठेवले. त्याने आठ भाजली, दोन फुटली, सहा आपल्या मंडपात आहेत. आरतीला लवकर या. शेकायला माणसे कमी पडतात.