फळ्यावरचे अक्षर आणि मुलाची नजर

वर्गात एखादा मुलगा फळ्यावरचे उतरवून घेताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. गुरुजी त्याला लबाड समजतात, घरचे मठ्ठ म्हणतात. त्याला दिसतच नाही, हे कुणाच्या ध्यानी येत नाही. खुद्द त्याच्याही नाही. ज्याने जग धूसरच पाहिले, त्याला इतरांना स्वच्छ दिसते हे कळावे कसे? म्हणून त्याने तक्रार करण्याची वाट पाहून भागत नाही. आपण होऊन शाळेत जाऊन त्याची नजर तपासावी लागते.

एवढी साधी गोष्ट जगाला उमगायला फार काळ लागला. चष्मा इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस आला, पण तो वाचन-लेखन करणाऱ्या वयस्कर माणसांसाठी. नजर मोजण्याचे पक्के माप मिळाले ते १८६२ साली. हॉलंडमधील युट्रेक्टचे नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता तयार केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत ब्रेस्लाउ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरी, हर्मन कोन यांनी १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले. खेड्यांतल्या शाळांत शंभरात जेमतेम एक-दोन मुलांना दूरचे दिसत नव्हते. वरच्या शाळांत अशी सव्वीस निघाली. हे आकडे १८६७ साली छापून आले आणि डोळ्यांचा प्रश्न शाळेचाही आहे, हे उघड झाले.

इंग्लंडने १९०७ च्या कायद्याने प्राथमिक शाळांत वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. उपचार मात्र सक्तीचा नव्हता. दोष सापडला, पण चष्म्याला पैसे कुठून आणायचे? आरोग्यसेवेतून मोफत चष्मे मिळू लागले ते १९४८ साली. नुसती तपासणी म्हणजे अर्धेच काम, हा त्या इतिहासाचा धडा.

आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. पुढे त्यात शाळांतील नेत्रतपासणी व गरीब मुलांना मोफत चष्मे यांची सोय झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच झाला. त्यातली पथके गावोगावच्या शाळांत जातात.

पण पथक यायचे ते वर्षातून एकदा. शिक्षक रोज वर्गात असतो. भिंतीवर तक्ता लावावा, वीस फूट अंतर मोजावे, एकेक डोळा झाकून पाहावे. अक्षरओळख नसेल त्याच्यासाठी तीन दांड्यांच्या ‘ई’चा तक्ता असतो, तोंड कोणीकडे ते मुलाने हाताने दाखवायचे. अडखळला की त्याला डॉक्टरांकडे धाडावे.

आणि चष्मा मिळाल्यावर? “चष्मिस” म्हणून पोरे चिडवतात. मुलीच्या लग्नाचे कसे, म्हणून आई चष्मा डब्यात ठेवते. सरकारने दिलेली काच तिथेच वाया जाते. तो चष्मा नाकावर टिकवायचा, वर्षाने नंबर पुन्हा पाहायचा, हे काम गावाचे आणि गुरुजींचे. मठ्ठ ठरवलेले पोर मग कदाचित पहिल्या बाकावरून उत्तर देईल!