इंजिनांना नावे, डब्यांना नुसते आकडे

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीबद्दल मराठी वाचकाला बरेच काही ठाऊक असते. एकवीस तोफांची सलामी झाली, गाडीत सुमारे ४०० निमंत्रित होते, तीन इंजिने होती आणि त्यांची नावे साहिब, सिंध, सुलतान अशी सांगितली जातात. गाडीला १४ डबे होते, हेही आपण पाठ म्हणतो. पण त्या डब्यांची नावे कोणी सांगत नाही, कारण त्यांना नावे नव्हतीच. डबा हा पहिल्या दिवसापासून मोजायची वस्तू राहिला आहे.

आपल्याकडे रेल्वेचा इतिहास इंजिनाच्या बाजूने लिहिला गेला. त्यानंतर पूल, बोगदे आणि स्थानकांच्या इमारती यांचा क्रम लागतो. माणसे मात्र इंजिनात बसत नाहीत, डब्यात बसतात. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली सुरू झाले. तिथे प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ साली बांधलेला सलून आहे, म्हैसूरच्या महाराजांचा सलून आहे. ते जपले हे उत्तमच झाले. पण ज्या डब्यांतून कोट्यवधी माणसे लग्नाला, वारीला, गिरणीत कामाला आणि परत गावी गेली, ते डबे आयुष्य संपताच मोडीत निघाले. सागवान विकले गेले, लोखंड वितळले. म्हणून साध्या डब्याचा इतिहास वस्तूंवरून नव्हे, तर कायद्याच्या कलमांवरून, कारखान्याच्या नोंदींवरून आणि जुन्या छायाचित्रांच्या कडेला दिसणाऱ्या अक्षरांवरून जुळवावा लागतो. या लेखात तेच करायचे आहे.

चार चाके आणि एक फुटबोर्ड

सुरुवातीचे डबे चार चाकांचे होते. खाली दोन आसांची चौकट, वर लाकडी पेटी. घोडागाडी बांधणाऱ्या कारागिरांच्या परंपरेतून ही बांधणी आली; त्यामुळे तीन-चार घोडागाड्या पाठीला पाठ लावून एका चौकटीवर ठेवाव्यात तसे त्यांचे रूप दिसे. प्रत्येक कप्प्याला बाहेर उघडणारे स्वतंत्र दार असे. एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जायला आतून वाट नव्हती. बाहेरून डब्याच्या लांबीइतकी एक फळी असे, तो फुटबोर्ड. तिकीट तपासनीस किंवा गार्ड चालत्या गाडीत त्या फळीवरून, दांड्याला धरून, एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर जात. गाडी चालू असताना कप्प्यात काही घडले तर मदतीला येणारा माणूस याच फळीवरून यायचा.

दिव्यांचीही तीच तऱ्हा. डब्याच्या छताला भोक असे आणि संध्याकाळच्या स्थानकावर दिवेवाला छतावरून चालत जाऊन तेलाचे दिवे त्या भोकांतून खाली सोडी. पुढे गॅसचे दिवे आले आणि मग आसाला पट्टा लावून फिरणाऱ्या डायनॅमोवर विजेचे. आजही जुन्या पद्धतीच्या डब्याखाली वाकून पाहिले तर तो पट्टा दिसतो.

कायद्याच्या कलमांत दिसणारा डबा

मला तिसऱ्या वर्गाच्या डब्याचे सर्वांत बोलके वर्णन सापडले ते एखाद्या प्रवासवर्णनात नव्हे, तर १८९०च्या भारतीय रेल्वे कायद्यात. त्यातली ६२ ते ६४ ही लागोपाठची तीन कलमे एकत्र वाचावीत.

कलम ६२ म्हणते की प्रवासी आणि गाडीवरचा नोकर यांच्यात संपर्काचे साधन ठेवण्याचा हुकूम सरकार रेल्वेला देऊ शकते. आपल्या साखळीचे मूळ इथे आहे. कलम ६३ म्हणते की प्रत्येक कप्प्यात जास्तीत जास्त किती माणसे बसवायची ते ठरवावे आणि तो आकडा ठळकपणे लिहावा. कलम ६४ म्हणते की १ जानेवारी १८९१पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखावा. आणि गाडी पन्नास मैलांहून अधिक जाणार असेल तर त्या कप्प्याला शौचकूप असावा.

हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. रेल्वेतल्या संडासांची गोष्ट निघाली की ओखिलचंद्र सेन यांचे १९०९चे पत्र हमखास सांगितले जाते. स्थानकावर उतरलेले असताना गाडी सुटली, एका हातात लोटा आणि दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना ते पडले, आणि त्यांनी साहिबगंजच्या कार्यालयाला इंग्रजीत तक्रार लिहिली. पत्र खुमासदार आहे, म्हणून ते टिकले. पण खालच्या वर्गाच्या डब्यात शौचकूप असावा ही गोष्ट त्याच्या १८ वर्षे आधी कायद्याने मान्य केली होती, तीही स्त्रियांच्या कप्प्यापुरती. यावरून दोन गोष्टी उघड होतात. स्त्रिया लांबच्या प्रवासाला मोठ्या संख्येने निघू लागल्या होत्या, आणि पुरुषांनी स्थानकावर उतरून आपली सोय पाहावी हे कायद्याने गृहीत धरले होते. सेन यांची फजिती त्या गृहीतकातून झाली.

कलम ६३चा आकडा प्रत्यक्षात काय कामाचा होता, हे गांधीजींच्या १९१७च्या टिपणावरून कळते. त्या सप्टेंबरात त्यांनी मुंबई ते मद्रास मेलने तिसऱ्या वर्गाचा प्रवास केला. भाडे तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर २२ माणसांचा आकडा लिहिलेला होता. तोही केवळ बसण्यापुरता, झोपायची सोय नव्हती. वाटेत कधी कधी डब्यात ३५ माणसे झाली आणि संपूर्ण प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही. गांधीजींनी हे तक्रार म्हणून लिहिले. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो एका डब्याचा पंचनामा आहे. क्षमता, गर्दी, भाडे, स्वच्छता हे सगळे त्यात आले. इंजिनाच्या कुठल्याही तांत्रिक नोंदीतून हे मिळणार नाही.

सर्वांत मागचा माणूस

आता गाडीच्या शेपटाकडे वळू. गार्डाचा डबा म्हणजे ब्रेकव्हॅन. त्याचे नावच त्याचे काम सांगते. सर्व डब्यांना एकाच वेळी लागणारा ब्रेक येण्यापूर्वी गाडी थांबवण्याची साधने दोनच होती, इंजिनाचा ब्रेक आणि ब्रेकव्हॅनमधले हाताने फिरवायचे चाक. ड्रायव्हरने ठरावीक शिट्टी दिली की गार्डाने चाक आवळायचे.

सपाटीवर हे चालून जाई. पण १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटात चढ ३७ फुटांना एक फूट आहे. तिथे चढणीवर डब्यांमधली सांधणी तुटली तर मागचे डबे उलटे खाली धावत सुटणार, आणि त्यांना अडवणारा एकच माणूस, तो सर्वांत मागे बसलेला. गार्डाला मागे बसवण्याचे हे खरे कारण आहे. पुढे व्हॅक्यूम ब्रेक आला. त्यात नळी तुटली की हवा आत शिरते आणि ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे जे काम गार्डाच्या मनगटावर होते ते नळीने घेतले. तरी गार्डाच्या डब्यात दाबमापक राहिला आणि हातब्रेकचे चाकही राहिले.

दुसरे काम साक्षीचे. शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा किंवा ‘एलव्ही’ची पाटी दिसली की स्टेशनमास्तरला कळते की गाडी पूर्ण आली, मागे काही सुटून राहिले नाही. त्याशिवाय पुढच्या गाडीला रस्ता देता येत नाही. ब्रेकव्हॅनमध्ये पार्सले असत, टपालाच्या थैल्या असत, प्रवाशांच्या कुत्र्यांसाठी पेटी असे आणि गार्डाची लोखंडी ट्रंक असे. त्या ट्रंकेत झेंडे, दिवा, रुळावर ठेवायचे फटाके आणि प्रथमोपचाराचे सामान. मालगाडीचा ब्रेकव्हॅन तर चार चाकांवरची एक खोलीच. पुढे-मागे उघडा सज्जा आणि मध्ये एक बाकडे. आता काही मालगाड्यांमागे माणसाऐवजी शेवटच्या वाघिणीवर यंत्र बसते. जानेवारी २०२२मध्ये ‘गार्ड’ हे पदनामही जाऊन ‘ट्रेन मॅनेजर’ आले. एक व्यवसाय आपल्या डोळ्यांदेखत बदलतो आहे आणि त्याच्या खोलीचे मोजमाप, फोटो, वापर यांची नोंद आजच करायला हवी.

माटुंगा, कुर्डुवाडी, पेरांबूर

डबे बांधणारा महाराष्ट्रही या इतिहासात आहे. जीआयपी रेल्वेने डबे आणि वाघिणींसाठी १९१५ साली माटुंग्याला कारखाना काढला. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली, तेव्हा तिच्या डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले आणि वरचे डबे माटुंग्यात बांधले गेले. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी, तिच्यावर लाल पट्ट्या. दुसरी निळी, तिच्यावर सोनेरी रेघा. तिसऱ्या वर्गाला त्या गाडीत जागा मिळाली ती थेट १९५५ साली. ज्या कामगारांनी हे डबे सजवले, त्यांना स्वतःच्या तिकिटावर त्यात बसायला पंचवीस वर्षे लागली असे म्हटले तर वावगे होणार नाही.

बार्शी लाइट रेल्वेची कथा वेगळी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अडीच फुटी रुळांसाठी नियम ठरवला की कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको, मग ते इंजिन असो वा डबा. भार अनेक चाकांवर वाटला गेल्याने हलक्या रुळांवरून लांब डबे धावू शकले. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी मार्ग सुरू झाला आणि पुढे तो पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची जी गर्दी या गाड्यांनी वाहिली, तिचा विचार करता बार्शीचा डबा हा मराठी सांस्कृतिक इतिहासातला दस्तऐवज आहे.

लाकडी डब्याचा मोठा दोष अपघातात दिसे. एक डबा दुसऱ्यात दुर्बिणीच्या नळीसारखा घुसे. १९५५ साली पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली आणि एकसंध पोलादी डबे आले. डेक्कन क्वीनला ते १९६६ साली मिळाले. १९७४ साली तिसरा वर्ग नावापुरता गेला, तो दुसरा झाला, पण बाकडी लाकडीच राहिली. त्यांवर फोमची गादी आली ती राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना. हा दोन इंचांचा बदल कुठल्याही पुलाइतकाच मोलाचा मानावा.

डब्याची कुंडली

घरच्या अल्बममधल्या रेल्वेच्या फोटोचा काळ कसा ओळखावा, याच्या काही खुणा देतो. डब्यावर जीआयपीची अक्षरे असतील तर तो बहुधा ५ नोव्हेंबर १९५१पूर्वीचा, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे झाली. गार्डाच्या डब्यावर ‘टीएलआर’ असेल तर टी म्हणजे तिसरा वर्ग, म्हणून १९७४पूर्वीचा. ‘एसएलआर’ असेल तर एस म्हणजे दुसरा, एल म्हणजे सामान, आर म्हणजे गार्डाची जागा. पोलादी डब्याचा क्रमांक पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे सहसा बांधणीचे वर्ष सांगतात. लाल-तपकिरी रंग जाऊन निळा आला तो १९९०च्या दशकात.

पेरांबूरच्या जुन्या घडणीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८मध्ये बाहेर पडला. त्या घडणीचे डबे आता झपाट्याने निघत आहेत. काहींच्या खिडक्या-दारे बंद करून त्यांतून मोटारी नेतात, काही अपघात मदत गाड्यांत लागतात, बाकीचे भंगारात जातात. म्हणजे साठ वर्षे ज्यात आपण सर्वांनी प्रवास केला, तो डबा आज तिथेच उभा आहे जिथे पन्नास वर्षांपूर्वी सागवानी डबा उभा होता. सागवानी डब्यांच्या वेळी मोजमापे घेणारे, कामगारांना विचारणारे फार थोडे होते. या वेळी मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. क्रमांक, कारखान्याची पाटी, आतली बाकडी, गार्डाच्या खोलीतले चाक यांचे फोटो काढावेत, मागे तारीख आणि ठिकाण लिहावे. घरात कोणी कारखान्यात किंवा गाडीवर नोकरी केली असेल तर त्यांना बोलते करून लिहून ठेवावे. ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि हातब्रेकचे चाक किती वेळा फिरवले की गाडी धरते, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा तीच नेमके सांगतील.