लेननची १९७० ची रेकॉर्ड आणि आईचा बँजो

मागच्या व्याख्यानात आपण १० एप्रिल १९७० पाशी थांबलो होतो. पॉल मॅकार्टनी बीटल्समधून बाहेर पडल्याची बातमी त्या दिवशी लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आली. आता त्याच वर्षाच्या शेवटाकडे जाऊ.

नोव्हेंबरच्या अखेरीस जॉर्ज हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' आला. तीन तबकड्यांचा खोका, गिटारींचे थरावर थर, ब्रास, व्हायोलिनं, वादकांची अक्षरशः जत्रा. पुढे दोनच आठवड्यांनी, ११ डिसेंबरला, जॉन लेननची 'जॉन लेनन/प्लास्टिक ओनो बँड' ही रेकॉर्ड बाजारात आली. तिच्यात लेननचा गळा, त्याची गिटार किंवा पियानो, क्लाउस फूरमानचा बास आणि रिंगोचा ड्रम, एवढंच. 'गॉड' या गाण्यापुरता बिली प्रेस्टन पियानोवर येतो. गंमत बघा, दोन्हीकडे निर्मात्यांमध्ये नाव आहे फिल स्पेक्टरचं, म्हणजे भरगच्च आवाजाची भिंत उभी करण्यासाठीच जो प्रसिद्ध होता त्याचं! पण लेननच्या रेकॉर्डिंगला हा माणूस बराच काळ फिरकलाच नाही. त्याला बोलावण्यासाठी शेवटी 'बिलबोर्ड' साप्ताहिकात जाहिरात द्यावी लागली. तो आल्यावरही भिंत काही उभी राहिली नाही. 'लव्ह' या गाण्यात त्याने शांतपणे पियानो वाजवला.

आता हा उघडेपणा आला कुठून? नेहमीचं उत्तर आपल्याला पाठ आहे. १९७० मध्ये लेनन आणि योको ओनो आर्थर जॅनोव्ह या मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले, आधी इंग्लंडमध्ये, मग लॉस एंजेलिसला. लहानपणचं दुःख दाबून ठेवू नका, रडून-ओरडून बाहेर काढा, अशी त्याची उपचारपद्धती. तिथून परतल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही गाणी ध्वनिमुद्रित झाली. 'मदर'च्या शेवटी लेनन ज्या तऱ्हेने किंचाळतो, ते ऐकलं की हे उत्तर पटतंही.

पण आम्हाला ते अपुरं वाटतं. किंकाळी जॅनोव्हकडची असेल, गाण्याची हाडं मात्र जुनी आहेत.

लेनन वाढला लिव्हरपूलमध्ये, मिमी मावशीच्या घरी. वडील जहाजावर, नंतर बेपत्ताच. आई ज्युलिया थोड्याच अंतरावर दुसऱ्या घरात राहायची. पोरगा किशोरवयात तिच्याकडे जाऊ-येऊ लागला आणि तिने त्याला बँजोवरच्या कॉर्ड्स शिकवल्या. त्याच तो गिटारवर वाजवायचा. जुलै १९५७ मध्ये मॅकार्टनी पहिल्यांदा भेटला, तेव्हाही त्याची बोटं गिटारवर बँजोच वाजवत होती. एल्व्हिस प्रेस्ली, बडी हॉली ही मंडळी मावशीच्या घरी फारशी चालणारी नव्हती, आईच्या घरी मात्र त्यांचं स्वागत होतं. आणि १५ जुलै १९५८ ला, मिमीच्या घरातून निघालेल्या ज्युलियाला रस्त्यातच मोटारीने उडवलं. लेनन सतरा वर्षांचा होता. म्हणजे या माणसाच्या आयुष्यात रॉक अँड रोल आणि आई एकाच दारातून आत आले. त्यातलं एक राहिलं, एक गेलं.

दहा वर्षांनी तो विषय पुन्हा वर आला तो आपल्याकडे, ऋषिकेशला. १९६८ च्या सुरुवातीला बीटल्स महेश योगींच्या आश्रमात होते. तिथे डोनोव्हन या गायकाने लेननला बोटांनी तारा छेडण्याची पद्धत शिकवली आणि तिच्यातून 'ज्युलिया' हे आईच्या नावाचं गाणं झालं. बीटल्सच्या सगळ्या गाण्यांत लेनन एकट्याने गायलेलं-वाजवलेलं हे एकच. १९७० च्या रेकॉर्डवरचं 'लुक अॅट मी' त्याच सुमाराचं, त्याच बोटांचं. जॅनोव्हचं नावही तेव्हा लेननच्या आयुष्यात नव्हतं.

म्हणून 'गॉड'मधली नकारांची यादी ऐकताना जरा थबकायला होतं. माझा यावर विश्वास नाही, त्यावर नाही, असं म्हणत तो बायबल, बुद्ध, गीता, योग, मंत्र सगळं बाजूला सारतो. आपल्याकडचे श्रोते गीतेपाशी दुखावतात. खरं दुखणं यादीच्या शेवटाकडे आहे. तिथे एल्व्हिस येतो, आणि सगळ्यांत शेवटी बीटल्स. आईच्या घरातला एल्व्हिससुद्धा त्याने सोडला नाही!

एक सावधगिरी मात्र हवी. साधं म्हणजे आपोआप खरं, असं समजू नका. 'मदर'च्या आरंभीची घंटा टेपचा वेग कमी करून जड केलेली आहे. 'वर्किंग क्लास हिरो'त नुसता गळा आणि गिटार, पण नीट कान दिलात तर मध्येच एका कडव्याला आवाजाचा पोत बदलतो. तिथे दुसऱ्या वेळचं गायन जोडलंय. स्वतःच्या नुसत्या आवाजाची लाज वाटणारा हा गायक, गळ्यावर सतत काहीतरी परिणाम चढवून मागणारा. त्याने इथे काय ठेवायचं आणि काय काढायचं हे मोजूनमापून ठरवलंय. त्याने रेकॉर्डचं मोल कमी होत नाही, उलट आम्हाला ती यामुळेच जास्त धीराची वाटते.

'मदर' हे गाणं एकल म्हणून अमेरिकेत निघालं आणि पहिल्या चाळिसातही पोचलं नाही. रेकॉर्ड मात्र तिथे पहिल्या दहात गेली.

तिचा शेवटचा तुकडा मिनिटभराचाही नाही. घरगुती कॅसेट रेकॉर्डरवर टिपलेला, बालगीतासारखी चाल, खरखर तशीच ठेवलेली. आई गेली, एवढंच त्यात आहे. तो आता ऐकू, आणि मग प्रश्न घेऊ.