एएनएम म्हणजे अर्धी नर्स नव्हे

परिचर्या शिक्षणाच्या चर्चेत एक मत रुजले आहे. एएनएमचा (सहायक परिचारिका-प्रसाविकेचा) दोन वर्षांचा अभ्यासक्रम ही टंचाईच्या काळातली तडजोड होती. आता पदवीधर परिचारिका मिळतात, तेव्हा तो गुंडाळावा. हे मत मांडणारे खेड्यांचे वैरी नाहीत. गोंदिया जिल्ह्यात तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा परिसरातील बाळंतिणीच्या वाट्याला कमी शिकलेली नर्स का, हा त्यांचा सवाल रास्तच आहे. त्यावरचा उपाय मात्र चुकीचा आहे.

आधी इतिहास पाहू. परिचर्येची पदवी दिल्ली आणि वेल्लोरला १९४६ मध्ये सुरू झाली. एएनएमचा अभ्यासक्रम पंजाबातल्या तरनतारनला १९५१ मध्ये. पदवी अस्तित्वात असताना हे शिक्षण वेगळे काढले गेले, कारण कामच वेगळे होते. इस्पितळात रोगी परिचारिकेकडे येतो. उपकेंद्राच्या नर्सबाईला, म्हणजे एएनएमला, धडधाकट माणसाच्या दारी जावे लागते. आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, हा सरकारी निकष आहे. गरोदर बाईचा रक्तदाब, लशींच्या डब्यातला बर्फ, बाळाचे वजन, सगळे तिच्याकडे. शिवाय पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सोल्युबिलिटी चाचणीत नळीतले द्रावण गढूळ होऊन मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की रक्त इलेक्ट्रोफोरेसिस या खात्रीच्या तपासणीला पाठवायचे. हे काम कोणत्या हिशेबाने अर्धे?

अल्प शिक्षण म्हणजे जिवाला धोका, हा दुसरा आक्षेप. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बालकांची घरी काळजी घ्यायला, जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायलाही शिकवले. त्या एएनएमही नव्हत्या. ३९ गावांतल्या या प्रयोगाचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला: नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. नेमके शिक्षण, हाताला सराव आणि पाठीशी कडक देखरेख होती. पदवी नव्हती.

मग एएनएम कुठे कमी पडते? १९७७ मध्ये अभ्यासक्रम दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणला गेला आणि कात्री लागली ती प्रसूतीच्या शिक्षणालाच. पुढे तो पुन्हा दोन वर्षांचा झाला. पण प्रसूतिगृहातला सराव नसेल तर वर्षे वाढवून काय साधणार? आधी हात छाटायचे आणि मग हातून काम होत नाही म्हणून दोष द्यायचा, हा न्याय नव्हे.

वाचकांनी निवाडा जरूर करावा. त्याआधी जवळच्या एएनएम विद्यालयात जाऊन एकच विचारावे: इथली मुलगी स्वतःच्या हाताने किती बाळंतपणे करून बाहेर पडते?