नळीतला पीळ, गोळ्याची गिरकी

सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग या जलदुर्गांचा काळ हा गुळगुळीत नळीच्या तोफांचा काळ होता. तोफेच्या नळीत पीळदार खाचा आल्या, गोळा स्वतःभोवती फिरू लागला आणि दगडी तटबंदीचे शतकानुशतकांचे गणित बदलले. त्या बदलामागील शास्त्राचा हा परिचय.

मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात छत्रपती शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ला उभारला. सुमारे ४८ एकरांचे क्षेत्र, जवळपास तीन किलोमीटर लांबीचा नागमोडी तट, ३० फूट उंची आणि १२ फूट रुंदी ही या किल्ल्याची मापे मार्गदर्शकांच्या तोंडी असतात. देवगड तालुक्यातील विजयदुर्गासह हा किल्ला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे. मात्र तटाची ही रुंदी त्या काळात पुरेशी का ठरत होती आणि पुढे जगभरचे असे तट अपुरे का ठरले, याचे उत्तर तटात सापडत नाही. ते तोफेच्या नळीत आहे.

सैल गोळा, बेभरवशाचा नेम

सतराव्या आणि अठराव्या शतकांतील तोफांची नळी आतून गुळगुळीत असे. तोंडाकडून दारू भरायची, त्यावर गोळा ढकलायचा आणि मागील छिद्रातून बत्ती द्यायची, अशी तिची रीत होती. गोळा नळीत सहज सरकावा म्हणून तो नळीच्या व्यासापेक्षा मुद्दाम लहान ओतला जाई. इंग्रजांच्या तोफांमध्ये हे प्रमाण साधारणतः २१ भाग नळी आणि २० भाग गोळा असे होते. दारूच्या काजळीने नळी आतून चिकट होत असल्यामुळे ही मोकळी जागा आवश्यक होती.

या सवलतीची किंमत मोठी होती. स्फोटाच्या वायूचा काही भाग गोळ्याच्या कडेने निसटून वाया जाई. त्याहून गंभीर बाब म्हणजे सैल गोळा नळीच्या भिंतींवर आदळत बाहेर पडे. अखेरचा धक्का ज्या बाजूला बसेल, त्यानुसार त्याची दिशा ठरे आणि त्याच घर्षणाने त्याला गिरकीही मिळे. ही गिरकी दर वेळी वेगळी असे. एकाच तोफेतून, तितकीच दारू भरून, त्याच कोनात डागलेले दोन गोळे त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी पडत.

जंजिऱ्यावरील कलालबांगडीसारख्या तोफांच्या पल्ल्याच्या कथा आजही रंगवून सांगितल्या जातात. परंतु त्या काळच्या गोलंदाजापुढील खरा प्रश्न गोळा किती दूर जातो हा नसून तो कोठे पडेल हा होता. काहीशे यार्डांच्या पलीकडे नेमाची खात्री देणे कठीण असे. आंग्र्यांची गुराबे आणि गलबते शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीला, जेथे तोफा कमी असत तेथे, शक्य तितक्या जवळ जाऊन मारा करीत. त्यामागे हेही एक कारण होते.

विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६

जलदुर्गाचे सामर्थ्य याच मर्यादेवर उभे होते. तटाला भगदाड पाडायचे तर पुष्कळ गोळे एकाच जागी बसले पाहिजेत. त्यासाठी जहाजांना किल्ल्याच्या तोफांच्या टप्प्यात यावे लागे. किल्ल्याच्या तोफा स्थिर दगडी बुरुजावर असत, तर जहाजावरील तोफा लाटांवर हेलकावत. नेमाची अनिश्चितता दोन्हीकडे सारखी असताना पारडे किल्ल्याकडे झुके. वाघोटन खाडीच्या मुखावरील विजयदुर्गावर १७२० मध्ये इंग्रजांनी आणि १७२४ मध्ये डचांनी केलेल्या स्वाऱ्या अयशस्वी ठरल्या.

हाच किल्ला फेब्रुवारी १७५६ मध्ये पडला. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. अॅडमिरल वॉटसनचे आरमार आणि रॉबर्ट क्लाइव्हच्या हाताखालील पायदळ यांनी १२ फेब्रुवारीला हल्ला चढविला. इंग्रजांच्या बाजूच्याही साऱ्या तोफा गुळगुळीत नळीच्याच होत्या. त्यामुळे मोठी लढाऊ जहाजे थेट किल्ल्याजवळ नेऊन शेकडो तोफांचा भडिमार करणे हाच त्यांच्यापुढील मार्ग होता. एक पेटता गोळा आंग्र्यांच्या ताब्यातील ‘रिस्टोरेशन’ जहाजावर पडला. ती आग नांगरलेल्या आरमारात पसरली आणि आंग्र्यांचे आरमार भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला शरण आला. अचूक नेमापेक्षा तोफांची संख्या आणि आगीचा भडका यांनी तो दिवस ठरविला.

भारतात मरण पावलेला शास्त्रज्ञ

गोळा वाकडा का जातो, याचे उत्तर तोवर शोधले गेले होते. ते शोधणारा माणूस विजयदुर्ग जिंकणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्याच नोकरीत होता. बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणितज्ञ १७०७ मध्ये जन्मला. १७४२ मध्ये त्याने तोफशास्त्रावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. जड लंबकावर गोळी झाडून, लंबक किती मागे जातो यावरून तिचा वेग मोजण्याची पद्धत त्याने विकसित केली.

त्याचा दुसरा प्रयोग अधिक उद्बोधक होता. बंदुकीची नळी तोंडाजवळ त्याने किंचित डावीकडे वाकविली आणि समोर ठरावीक अंतरांवर पातळ कागदांचे पडदे टांगले. गोळी बाहेर पडताना अपेक्षेप्रमाणे डावीकडे गेली. परंतु पुढे जाता जाता ती उजवीकडे वळत गेल्याचे पडद्यांवरील छिद्रांनी दाखविले. वाकलेल्या नळीत गोळी उजव्या भिंतीला घासत गेली होती. त्या घर्षणाने तिला मिळालेली गिरकी तिला हवेत उजवीकडे खेचत होती. विख्यात गणितज्ञ ऑयलर याने रॉबिन्सच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले, मात्र हे स्पष्टीकरण त्याला पटले नाही. पुढे १८५० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस याने या परिणामाचा अभ्यास केला आणि त्याचेच नाव त्याला चिकटले.

मराठी वाचकाला हे तत्त्व अपरिचित नाही. तोफ डागणाऱ्यासाठी असलेला ‘गोलंदाज’ हा शब्द आपण क्रिकेटमध्ये चेंडू टाकणाऱ्यासाठी वापरतो. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्यापूर्वीच हवेत सरकतो, तो याच परिणामामुळे. फिरणाऱ्या चेंडूच्या एका बाजूचा पृष्ठभाग वाऱ्यासोबत जातो, तर दुसऱ्या बाजूचा वाऱ्याविरुद्ध. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या दाबांत फरक पडतो आणि चेंडू एका बाजूला ढकलला जातो. फरक इतकाच, की फिरकी गोलंदाज जाणूनबुजून चेंडूला गिरकी देतो. किल्ल्यावरील गोलंदाजाच्या गोळ्याला ती नकळत मिळे.

गिरकी टाळता येत नसेल, तर ती आपल्याला हवी तशी द्यावी, हा रॉबिन्सचा निष्कर्ष होता. पीळदार खाचांच्या नळीचे महत्त्व जे राष्ट्र प्रथम पूर्णपणे ओळखेल ते इतरांवर वरचढ ठरेल, असे त्याने १७४७ मध्येच प्रतिपादन केले. पुढे कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून तो भारतात आला आणि जुलै १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे त्याचे निधन झाले. विजयदुर्गाच्या पाडावाला तेव्हा पाच वर्षे अवकाश होता.

भोवऱ्याचे शास्त्र

नळीच्या आतील भिंतीवर स्क्रूच्या आट्यांप्रमाणे, परंतु बऱ्याच लांब अंतरात एक फेरा घेणाऱ्या खाचा कोरल्या, की तिला रायफल नळी म्हणतात. गोळी या खाचांत घट्ट बसून पुढे सरकते आणि बाहेर पडताना आपल्या प्रवासाच्या दिशेच्या अक्षाभोवती वेगाने फिरत असते.

ही गिरकी दोन कामे करते. पहिले म्हणजे भलत्या अक्षाभोवतीची बेभरवशाची फिरकी जाते. दुसरे काम अधिक मोलाचे आहे. लांबट, टोकदार गोळा हवेचा विरोध कमी सोसतो, हे उघड आहे; पण असा गोळा नुसता फेकला तर हवेचा रेटा त्याच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो आणि तो कोलांट्या घेऊ लागतो. फिरता भोवरा ज्या कारणाने कलंडत नाही, त्याच कारणाने फिरता गोळा उलटत नाही. हवेने त्याचे टोक ढकलले, तर ते कोसळण्याऐवजी लहानसे वर्तुळ काढत घुमते आणि पुन्हा मार्गावर येते.

गोळा गिरकीमुळे हवेला भोक पाडत दूर जातो, ही समजूत मात्र चुकीची आहे. पल्ला वाढतो तो लांबट आकारामुळे. गिरकी तो आकार वापरण्याची मुभा देते. जुन्या १२ पौंडी गुळगुळीत तोफेच्या नळीचा व्यास सुमारे ४.६ इंच होता. आर्मस्ट्राँगच्या १२ पौंडी रायफल तोफेचा व्यास अवघा ३ इंच होता. वजन तेच, पण हवेला भिडणारे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी.

गिरकीचा वेग थक्क करणारा असतो. एके-४७ रायफलीच्या नळीत २४० मिलिमीटरमध्ये एक फेरा पूर्ण होतो आणि गोळी सेकंदाला सुमारे ७१५ मीटर वेगाने निघते. म्हणजे ती सेकंदाला जवळपास तीन हजार वेळा स्वतःभोवती फिरते. या गिरकीचा एक दुष्परिणामही आहे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा गोळा लांब पल्ल्यावर किंचित उजवीकडे सरकतो. तोफखान्याच्या कोष्टकांत त्याची दुरुस्ती दिलेली असते.

घट्ट गोळीची अडचण आणि १८५७

इतका लाभ दिसत असूनही रायफल नळी सर्वत्र येण्यास विलंब का लागला? युरोपात अशा नळ्या पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून बनत होत्या. अडचण भरण्याची होती. खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकून ठोकून आत घालावी लागे. शिकाऱ्याला ते परवडे, सैनिकाला नाही.

१८४९ च्या सुमारास फ्रेंच अधिकारी मिनिए याने बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी प्रचारात आणली. ती नळीत सहज सरके आणि स्फोटाच्या दाबाने बूड फुलून खाचांना घट्ट चिकटे. याच तत्त्वावर १८५३ ची एनफिल्ड रायफल तयार झाली. तिच्या नळीत तीन खाचा होत्या आणि ७८ इंचांत एक फेरा होता. गोळी खाचांतून नीट जावी आणि काजळी साचू नये म्हणून तिच्या कागदी काडतुसाला चरबीचे वंगण लावले जाई. त्या वंगणावरून हिंदी शिपायांत उसळलेला असंतोष १८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण ठरला. नळीतील पिळाशी भारताची ओळख झाली ती अशी.

तट कोसळू लागले

तोफांच्या बाबतीत निर्णायक पुरावा अमेरिकेतील यादवी युद्धात मिळाला. दगडी किंवा विटांचा जाड तट ७०० ते ८०० यार्डांपलीकडून फोडता येत नाही, असे तोवर अभियंते मानीत. जॉर्जिया राज्यातील फोर्ट पुलास्की या बेटावरील किल्ल्याचा तट साडेसात फूट जाडीचा होता. एप्रिल १८६२ मध्ये सुमारे दीड किलोमीटर अंतरावरून रायफल तोफांनी त्यावर मारा केला आणि सुमारे ३० तासांत तटाला भगदाड पाडून किल्ला शरण आणला. मालवणच्या किनाऱ्यापासून सिंधुदुर्ग याहून जवळ आहे.

सिंधुदुर्गाला या परीक्षेला सामोरे जावे लागले नाही. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले आणि पुढील वर्षी परत केला. १८१२ मध्ये तो कायमचा त्यांच्याकडे गेला. रायफल तोफा आल्या तेव्हा या किनाऱ्यावर लढणारा शत्रूच उरला नव्हता. आपले जलदुर्ग आज बऱ्याच अंशी उभे दिसतात, त्यामागे बांधणीच्या मजबुतीबरोबर हा कालयोगही आहे.

पुण्यापर्यंतचा प्रवास

आजच्या तोफगोळ्यावर तांब्यासारख्या मऊ धातूचा पट्टा असतो. तोच खाचांत रुतून गोळ्याला फिरवितो आणि वायूची गळतीही रोखतो. १९९९ च्या कारगिल युद्धात शिखरांवरील ठाण्यांवर मारा करणाऱ्या १५५ मिलिमीटर बोफोर्स तोफा याच तत्त्वाच्या. पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘अॅटॅग्ज’ या १५५ मिलिमीटर तोफेने चाचण्यांत ४५ किलोमीटरहून अधिक पल्ला गाठला आहे.

तरीही गुळगुळीत नळी इतिहासजमा झालेली नाही. गोळा त्याच्या व्यासाच्या पाच-सहा पटींहून अधिक लांब झाला, की केवळ गिरकीने तो स्थिर राहत नाही. रणगाड्याचे चिलखत भेदणारे आधुनिक अस्त्र लांब बाणासारखे असते. त्याला स्थैर्य देतात ती शेपटीकडील पाती. गिरकी त्याला अडचणीची ठरते. म्हणूनच भारतीय लष्करातील टी-९० रणगाड्याची १२५ मिलिमीटर तोफ गुळगुळीत नळीची आहे. ‘अर्जुन’ रणगाड्याची १२० मिलिमीटर तोफ मात्र पीळदार आहे. तिच्यातून बाण डागताना सरकता पट्टा वापरून गिरकी कमी ठेवली जाते.

तोफ पाहताना

किल्ल्यावरील तोफ पाहताना लांबी-रुंदीबरोबर तिच्या तोंडातून आत डोकावणे उपयुक्त ठरते. भिंत गुळगुळीत असेल, तर ती गोल गोळ्याच्या युगातील आहे. पिळाच्या खाचा दिसल्या, तर ती बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरची समजावी. खाऱ्या हवेने नळी आतून गंजत गेली, की हा पुरावा प्रथम नाहीसा होतो. वारसा यादीतील किल्ल्यांचे जतन करताना तटाच्या चिऱ्यांइतकीच तोफांच्या नळ्यांचीही काळजी घेणे म्हणूनच आवश्यक आहे.